आपट्याची फुलपाखरं

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि मी अजून तुझ्यावर चिडलेली आहे. दुसरीत तू माझी वर्गशिक्षिका होतीस, म्हणून शाळेत तुला ‘बाई’ म्हणायचं, हा तुझा नियम. फाटकातून आत पाऊल टाकलं की माझी आई नाहीशी. एकदा मैदानात पडून गुडघा फुटला आणि मी ‘आई गं’ म्हणून ओरडले, तर तू डोळे वटारलेस. तेव्हाही ‘बाई गं’ म्हणायला हवं होतं की काय, कोण जाणे.

त्या वर्षी दसऱ्यानंतर शाळेची तपासणी होती. साहेब येणार म्हणून तू सगळ्यांना पानांची चित्रं करायला सांगितलीस. मी आपट्याची पानं वहीत दाबून वाळवली. ते पान मुळातच फुलपाखरासारखं, मी फक्त चिंचोक्यांची अंगं चिकटवली आणि खराट्याच्या काड्यांच्या मिशा लावल्या. अकरा फुलपाखरं. तू बोटसुद्धा लावलं नव्हतंस. पाहून म्हणालीस, “वर्गात असं कोणाचंच नाही.” आणि तपासणीच्या दिवशी, माझ्यासमोर, तू कोपऱ्यातलं माझं नाव खोडरबराने पुसलंस आणि पुढच्या बाकावरच्या मुलीचं लिहिलंस. “लोक म्हणतील, बाईंनी लेकीला घरी करून दिलं.” आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं जग वागतं. तू ती म्हण उलटी करून पाळलीस. साहेबांनी तिला रंगपेटी दिली, तू वर्गाला म्हणालीस, “टाळ्या!” आणि मीही टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी तू केळं घालून शिरा केलास. मी तो खाल्ला, पुन्हा मागूनही घेतला. इतकी वर्षं माझी समजूत अशी, की कामाच्या रगाड्यात तू एक नाव खोडलंस आणि मला काय वाटलं ते तुला कळलंच नाही. तेवढ्यावर मी तुला निम्मी माफी देऊन ठेवली होती.

आता इथलं ऐक. नवऱ्याच्या नोकरीमागे आयर्लंडला आले, ब्लँचर्डस्टाउनला एका शाळेत मदतनीस म्हणून लागले. यंदा, दोन हजार वीस साली, कोरोनामुळे माणसं कमी पडली आणि मला माझ्याच सहा वर्षांच्या लेकीच्या वर्गावर पाठवलं. “शाळेत मला टीचर म्हणायचं हं,” मी तिला बजावलं. तेव्हा तुझी आठवणसुद्धा झाली नाही. ऑक्टोबरात शरद ऋतूचा आठवडा होता. मुलांनी घरून आणलेली पानं तीन दिवस पिशवीत बाजूला ठेवायची, मग हात लावायचा. पानावर कागद ठेवून खडू घासायचा, ओकची फळं मोजायची, पानांचे काटे लावून साळू करायचा. माझ्या लेकीचा साळू पानांच्या ढिगात दडला होता, बाहेर फक्त नाक, तेही ओकच्या फळाच्या टोपीचं. मी मास्कमधूनच म्हणाले, “सगळ्यात भारी!” पालकांना यंदा फाटकाच्या आत प्रवेश नाही, म्हणून रस्त्याकडच्या खिडकीत चार चित्रं लावायची होती. वर्गशिक्षिका म्हणाली, “यू पिक फोर, विल यू? दे आर ऑल ग्रँड.” खिडकीतून बाहेरच्या आया दिसत होत्या. त्यांत दोघी-तिघी मराठी. आता त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय काय येईल, ते मला आधीच ऐकू आलं. मी चार चित्रं निवडली. लेकीचं नाही. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “बट यू सेड माइन वॉज द बेस्ट, टीचर.”

“अगं, सगळ्यांना चान्स मिळायला हवा ना,” मी म्हणाले.  घरी आल्या आल्या मी डबा काढून रवा भाजायला घेतला. केळं कुस्करताना हात थांबला. सण नव्हता, वाढदिवस नव्हता, मग हा शिरा कशासाठी? त्या संध्याकाळीही यातलं काही नव्हतं. म्हणजे तुला माहीत होतं, आई. सगळं माहीत होतं. रवा भाजायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात ‘चुकलं माझं’ एवढं म्हणता आलं असतं. तू साखर घातलीस. त्या दिवशी तू मला दोनदा फसवलंस, आणि दुसरी फसवणूक मी मिटक्या मारत खाल्ली. निम्मी माफी दिली होती ना, ती आज परत घेतेय.

लेकीने वाटी सरकवली. “आय डोन्ट वॉन्ट इट,” म्हणाली आणि खोलीत गेली. माझ्यापेक्षा शहाणी निघाली. तिचं दार इथून दहा पावलांवर आहे, आणि मी ओट्याशी बसून, जिला पत्र पोचायचंच नाही तिला जाब विचारतेय. अजून उठलेली नाही. तिच्या वाटीतला शिराही मीच संपवला.