दोन दांड्यांची गाडी

आदरणीय व्याहीबुवांना मनापासून नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो, की गप्प बसायला शिकला? (शिलाई मशीनला तेल घालताना दोन थेंब गुडघ्यालाही घालत जा, असं मी मागेही सुचवलं होतं. आपण हसण्यावारी नेलंत.) इकडे सगळे खुशाल. आपली मुलगी, म्हणजे माझी सूनबाई, उत्तम आहे. माझे चिरंजीव नेहमीप्रमाणे घाईत आहेत. नातवंडं तर इतकी ठणठणीत की संध्याकाळपर्यंत बाकीचे सगळे आजारी दिसतात. ठमीला चार वर्षं पूर्ण झाली आणि घराचा कारभार तिने हाती घेतला. जुळे दोघे, आडवा आणि उभा (ही नावं त्यांच्या झोपायच्या तऱ्हेवरून मी ठेवली, सूनबाईला पसंत नाहीत, पण पोरं हाकेला ओ देतात), आता धावायला लागले आहेत आणि नेमके दोन विरुद्ध दिशांना. आपण मागच्या खेपेला दोन दिवसांतच पिशवी उचललीत, मशीन गंजेल म्हणालात. दोन दिवसांत गंजणारं मशीन मी तरी पाहिलेलं नाही.

तर मुद्द्याची गोष्ट. सूनबाईची रजा संपते आहे. पोरांना सकाळी पाळणाघरात पोचवायचं आणि दुपारी परत आणायचं, हे कोण करणार असा प्रश्न निघाला. मी म्हटलं, मी बसलोय ना घरात! त्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हाला झेपेल का?" व्याहीबुवा, ओरडून म्हणाली असती तर मी चार शब्द सुनावले असते. हळू आवाजातला प्रश्न मात्र आत जाऊन बसतो. उभी हयात मी बसच्या डेपोत ब्रेक तपासले. अख्खं शहर माझ्या भरवशावर उतारावरून डुलक्या घेत गेलं, आणि माझ्याच घरात माझीच नातवंडं माझ्या हाती द्यायची की नाही यावर चर्चा! झोंबलं मला. शेवटी असं ठरलं की तिन्ही पोरं बसतील अशी गाडी मी निवडायची आणि एकदा फेरी मारून दाखवायची. जमलं तर काम माझं, नाही जमलं तर त्यासाठी एक बाई ठेवायची. (ती बाई कोण हेसुद्धा शोधून ठेवलं होतं, हे मला ठमीकडून कळलं.)

या गाडीला दुकानात स्ट्रोलर वॅगन म्हणतात. बाबागाडी आणि हातगाडी यांचं लग्न लावलं तर जे अपत्य होईल ते हे. कापडी पेटी, चार चाकं, वर छप्पर, आत समोरासमोर दोन बाकडी, पुढे ओढायला एक दांडी आणि मागे ढकलायला दुसरी. विकणारी मुलगी कप ठेवायची जागा, धुता येणारं कापड, घडी घालायची सोय असलं काहीबाही सांगत होती. मी तिला थांबवून सरळ जमिनीवर उताणा झालो आणि गाडीखाली शिरलो. (ब्रेक खालूनच बघायचा असतो. एका गिऱ्हाइकाला वाटलं मला चक्कर आली. त्याने माझ्या पायांवर पाणी शिंपडलं, कारण बाहेर पायच होते.) तीन गाड्या मी तिथल्या तिथे नापास केल्या. चौथीचा ब्रेक बरा वाटला, पण वजनाशिवाय ब्रेकची परीक्षा होत नाही. मॅनेजर अंगाने बेताचा होता आणि स्वभावाने भिडस्त. त्याला आत बसवून दाराजवळच्या उतारावरून सोडला आणि अर्ध्या वाटेत ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मॅनेजर थांबला नाही. त्याला काही लागलं नाही, फक्त तो नंतर माझ्याशी बोलला नाही. असा ब्रेक मी नोकरीत असतानासुद्धा क्वचित पाहिला होता, म्हणून तीच गाडी घेतली. ती ओढून मात्र पाहिली नाही. आमच्या खात्याचं काम गाडी थांबते की नाही एवढंच बघायचं. ती चालते कशी, हे दुसरं खातं बघायचं.

घरी आल्यावर मी माझ्या पदरची एक सुधारणा केली. छपराला एक पितळी घंटा टांगली आणि तिची दोरी ठमीच्या हाती दिली. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. ठमीला कंडक्टर केल्यामुळे ती तरी जागेवर बसेल, हा माझा हिशेब. आणि ती बसली हो, अगदी ताठ बसली.

फेरीच्या दिवशी निघालो. सूनबाई खिडकीत उभी होती, म्हणून कोपऱ्यापर्यंत मी शिट्टी वाजवत गेलो. कोपरा वळल्यावर अडचण कळली. ओढलं तर पोरं दिसत नाहीत आणि ढकललं तर छपरामुळे रस्ता दिसत नाही. मी ओढायचं ठरवलं. वाटेत जुळ्यांनी बूट एकेक करून बाहेर टाकले, ते एक भाजीवाली मागून गोळा करत आली. (तिने ते देताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते मी लिहीत नाही.) मग चढ लागला. मान खाली घालून, दात ओठ खात ओढत होतो. मध्येच घंटेचा एक टोला पडला. मी थांबलो. दोन टोले पडले. मी निघालो. पुढे चढ एकदम हलका वाटायला लागला. मला वाटलं, अजून अंगात रग आहे बरं का!

पाळणाघराच्या दारात मागे वळून पाहिलं तर गाडीत ठमी आणि आडवा. उभ्याची जागा रिकामी, पट्टा सुटलेला. ठमीला विचारलं तर ती अगदी शांतपणे म्हणाली, "आबा, त्याचा स्टॉप आला होता."

म्हणजे तिने घंटा मारली, मी गाडी थांबवली, तिने पट्टा काढला, प्रवासी उतरला, आणि मी, इतकी वर्षं डेपोत काढलेला माणूस, दोन टोल्यांवर मागे न बघता निघून आलो! पाळणाघराच्या बाईंच्या ताब्यात दोघांना दिलं आणि तो चढ मी धावत उतरलो. प्रत्येक दुकानात डोकावत, हाका मारत. 'उभा! उभा!' असं ओरडत म्हातारा धावतोय म्हटल्यावर लोक जागच्या जागी उभे राहत होते.

सापडला तो एका शिंप्याच्या दुकानात. मशीनच्या खाली, पायडलशेजारी मांडी घालून बसला होता, हातात रिकामं रीळ. आपल्याकडे, म्हणजे त्याच्या 'आजोबां'कडे (मी नुसता आबा), महिनाभर राहायला आला होता तेव्हा बसायचा, तस्साच. शिंपी बिचारा काम थांबवून बसला होता, पाय हलवला तर पोराला लागेल म्हणून. तो म्हणाला, "आला, खाली बसला आणि मला आजोबा म्हणाला. मला वाटलं, ओळखीतलाच असेल कुणाच्या तरी." मशीनचा आवाज ऐकून उतरलं होतं हो पोर! मी त्याला उचलला तर माझ्याकडे बघून म्हणतो, "आजोबा नाय." आणि रडायला लागला. मीही थोडा रडलो. शिंप्याने दोघांनाही पाणी दिलं.

तरी एकंदरीत गाडी उत्तम, निवड उत्तम आणि फेरी यशस्वी. तीन नेले, तीन पोचवले. मधला तपशील मी घरी सांगितलेला नाही, आपणही सांगू नये.

आपला व्याही आणि ब्रेकचा जाणकार

ता. क. छपराला पारदर्शक प्लास्टिकची खिडकी शिवली तर ढकलतानाही रस्ता दिसेल. कापड जाड आहे, दुसऱ्या कुणाच्या हाताचा मला भरवसा नाही. आपण या. मशीन घेऊनच या.

ता. क. दुसरा. गॅलरीजवळची खोली रिकामी केली आहे. उजेड डाव्या बाजूने येतो, आपल्याला लागतो तसा. मुलीच्या घरी ओझं व्हायचं नाही म्हणता, पण ओझं गाडीत आहे आणि दांड्या दोन आहेत. मला एका वेळी एकच धरता येते. विहीणबाई गेल्यापासून आपण एकटेच जेवता, हे मला बरं वाटत नाही. आता सरळच लिहिलं.

ता. क. तिसरा. ठमीने रात्री जेवताना सगळं सांगितलं, घंटा वाजवून. सूनबाई रागावली नाही. "उभा खरंच आजोबा म्हणाला?" एवढंच तिने विचारलं, पुन्हा त्याच हळू आवाजात, आणि ताट तसंच ठेवून उठली. निकाल असा की मी एकट्याने पोरं न्यायची नाहीत. दोन आजोबा असतील तर बाई ठेवायची नाही.

ता. क. शेवटचा. खिडकीसाठी छपराला भोक मी आजच कापून ठेवलं आहे. जरा मोठंच झालंय. आडवा त्यातून डोकं बाहेर काढून आपली वाट बघतोय.