निळ्या पिशवीतली इरकल

मंगळवार, १४ जाने.

संक्रांत. गूळ कडक झाला, लाडू दगड. ह्यांनी एक खाल्ला आणि दुसरा कवळीचं कारण सांगून नाकारला. उरलेले डब्यात भरून विजूकडे, स्टॅनमोरला. बस मध्येच बंद पडली, पुढे चालत. नाक जागेवर आहे की नाही ते चाचपावं अशी थंडी.

विजू खुर्चीत. मी कोट काढायच्या आत म्हणाली, ‘स्कॅन आला. लिव्हरमध्ये पण आहे. केमो स्टॉप करतायत. चहा तूच टाक.’ बाईने जन्मभर लोकांना ऑपरेशनआधी भूल दिली, बातमी मात्र अशी बिनभूल देते.

चहा टाकला. साखर दोनदा पडली बहुतेक. तिने कप रिकामा केला.

मग काम सांगितलं. लेकीला, रेणूला, मार्चअखेर बाळ व्हायचंय. लेस्टरच्या घरात सगळं नवं कोरं आणून ठेवलंय. ‘नवं टोचतं गं. माझ्या जुन्या साड्यांची गोधडी कर. तिघींत तुझाच टाका बरा होता.’

होता, म्हणाली. तिघी मैत्रिणी म्हणजे नलू धरून.

हो म्हटलं. हो म्हणण्यात मी पहिली. पूर्ण करण्यात शेवटची, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

शुक्र., १७ जाने.

लॉफ्टमधून शिवणाचं खोकं काढलं. वरच नलूची अर्धी गोधडी. दिवाळीनंतर ती गेली तेव्हा मीच गुंडाळून वर टाकली होती. तिच्या साड्या, तिचेच टाके, अर्ध्यावर सुई तशीच खोचलेली. सुई गंजली आहे.

आईचे गोधडीचे दोन नियम. एक, गोधडी उपाशी शिवू नये. शेवटची कड बंद करायच्या आधी पोटात तांदळाचे चार दाणे टाकायचे. दुसरा, गेलेल्या माणसाचं वस्त्र गोधडीत घालायचं नाही, पांघरणाऱ्याला झोप लागत नाही. पण माणूस असताना सुरू झालेली आणि गेल्यावर उरलेली, तिचं काय? ते आई बोलली नाही. मीही विचारलं नव्हतं.

नलूची परत खोक्यात ठेवली.

म्हणजे विजूची ती असेपर्यंत व्हायला हवी. लिहून टाकलं एकदाचं. लिहून बरं वाटलं असं काही नाही.

रवि., २६ जाने.

ह्यांना साड्या आणायला पाठवलं. विजूने फोनवर नीट सांगितलं होतं: कपाटात खालच्या खणात निळी पिशवी. हे दोन पिशव्या घेऊन आले. ‘दोन्ही निळ्या होत्या. म्हटलं कमी पडायला नकोत.’ विजू झोपली होती म्हणे, उठवलं नाही.

एका पिशवीत पाच-सहा साड्या, कोंबलेल्या. दुसरीत एकच इरकल, सुती, जांभळी, डाळिंबी काठाची. इस्त्री करून, चौकोनी घडी घालून. फाडायच्या साडीला एवढी इस्त्री कशाला? पण विजूचं सगळं असंच, मोज्यांनासुद्धा इस्त्री करणारी बाई. हातात घेतली तर सायीसारखी मऊ. सगळ्यांत मऊ हीच.

सोम., ३ फेब्रु.

कापायला सुरुवात. इरकल पहिली. बाळाचं अंग जिथे टेकणार तिथे मधोमध तिचा मोठा चौकोन, भोवती बाकीच्यांची ठिगळं. उरलेल्या इरकलीचे काठ काढून चारी कडांना. टर्रकन फाटते, सरळ रेषेत. जुन्या सुताचं हे मला आवडतं.

दुपारभर कच्चे टाके घातले. पाठ गेली.

हे खोलीत डोकावले, ‘ही होणार का पूर्ण?’ मी पुढचा दोरा ओवला.

गुरु., १३ फेब्रु.

चर्चच्या हॉलमध्ये शिवणाचा ग्रुप. चौकटीवर ताणून शिवत नाही म्हणून जोनला माझी नेहमीच कीव येते. आज मात्र जवळ येऊन हात फिरवून गेली. तिने स्वतःची दाखवली, नवऱ्याच्या शर्टांची. तो गेल्यावर केली. त्यांच्यात गेलेल्यांच्याच कपड्यांची करतात, आठवण म्हणून. मी विचारलं, झोप लागते का? ती म्हणाली, पहिल्यांदा लागली ती हिच्याखालीच.

आईला हे कसं सांगू. आईही नाही.

बुध., १९ फेब्रु.

आजचं सगळं लिहून ठेवते.

अर्धी झालेली गोधडी विजूला दाखवायला नेली. पलंगावर पसरली. मी आपली कौतुकाची वाट बघत उभी. विजू बघतच राहिली. मग मधल्या चौकोनावर बोट ठेवून, ‘ही कुठून आणलीस?’

‘तुझीच. निळ्या पिशवीतली.’

‘निळी पिशवी भरलेली होती.’

‘दोन होत्या. ह्यांनी दोन्ही आणल्या.’

ती हसायला लागली. हसता हसता खोकला, मग पाणी, मग परत हसू. मला काही कळेना. शेवटी म्हणाली, ‘शैले, ती माझी जायची साडी होती.’

‘कुठे जायची?’ मी विचारलं. असं विचारलं मी. खरंच.

तिने वर बोट दाखवलं.

सिल्क नको होती तिला. गळ्याशी टोचतं म्हणून. नवी नको. ती एकच साडी अशी की अंगावर आहे हे कळत नाही. म्हणून धुऊन, इस्त्री करून, वेगळी ठेवली होती. रेणूला सांगितलं नव्हतं, रडारड नको म्हणून. मलाही नाही. सांगणार होती.

मी मटकन पलंगावर बसले, गोधडीवरच. म्हटलं, उसवते, परत जोडते. ती म्हणाली, ‘पॅच लावलेली साडी नेसवणार मला? गपचूप शिव. आता जायचं म्हटलं तरी नेसायला काही नाही. पोस्टपोन करावं लागेल.’

निघताना आईचा नियम सांगितला, नलूची का अडली ते. म्हणाली, ‘तुझी आई सुगरण होती, तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण कापडाला कळत नाही कोण गेलं ते. नलूची पूर्ण कर. तिचा अशोक एकटा झोपतो.’

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे डोळ्यांचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांना विचारलं, खालची ओळ वाचता येते का. खुर्चीत बसून राहिले. जेवले नाहीत नीट. त्यांना बोलून काय होणार, फाडली मी.

गुरु., २० फेब्रु.

सकाळी विचार केला, थांबवावी. मग वाटलं थांबवली तर तिची साडीही गेली आणि गोधडीही नाही. शिवायला बसले.

मंगळ., ११ मार्च

शेवटची कड. विजूकडेच नेली बंद करायला. वाटीत तांदूळ दिले. तिला आता जेवण जात नाही, दोन चमचे सूप. चार दाणे उचलून आत टाकले, मग अजून चार. ‘मी जेवत नाही, हिला तरी पोटभर घाल.’

कड बंद केली. गाठ मारली. दोरा दाताने तोडला, कात्री समोर असून.

माझ्या हातून एक गोष्ट पूर्ण झाली. विजूने दुपारी ती पांघरून तासभर झोप काढली, नातवंडाच्या आधी. मी शेजारी बसून तिच्याकडे बघत होते. फार वाईट वाटलं. रडले थोडी. ती जागी झाली तोवर आवरलं.

शनि., २२ मार्च

नलूची पूर्ण. तिचे टाके बारीक, माझे त्यापुढे लांब, कुठे ती थांबली ते आंधळ्यालाही कळेल. हे म्हणाले, ‘मलाही कळतंय.’ निळ्या पिशवीनंतर पहिल्यांदा गंमत केली स्वतःची.

तांदूळ घातले. अशोकरावांना फोन केला. चालत आले दोन गल्ल्यांवरून, गोधडी काखेत मारून गेले.

सोम., २४ मार्च

संध्याकाळी अशोकरावांचा फोन. ‘शैलाताई, कालचा अलार्म ऐकू आला नाही मला.’

एवढंच. मग हवापाणी.

बुध., २ एप्रिल

रेणूला मुलगी. सकाळी. दोघी ठीक. विजूने फोन केला तो नुसता धरून बसली होती. मला श्वास ऐकू येत होता.

शनि., १२ एप्रिल

लेस्टरला गेलो, विजूला घेऊन. ह्यांनी गाडी हळू चालवली, मागचे लोक हॉर्न देऊन थकले. विजू मागे उशांत.

बाळ गोधडीवर. मधल्या जांभळ्या चौकोनावर उताणी, मुठी वळून, गाढ. विजूने वाकून पाहिलं. ‘बघ, टोचत नाही तिला.’

रेणू स्वयंपाकघरात मला म्हणाली, ‘मावशी, हा पर्पल साडी मी कधी बघितला नाही. आई कधी घालायची?’ मी म्हटलं, जपून ठेवली होती. ‘कशासाठी?’ मी भांडी पुसत राहिले. म्हटलं, चांगल्या कामासाठी. खोटं नाही.

येताना विजू डोळे मिटून होती. दमली असेल.

गुरु., २४ एप्रिल

हॉस्पिसची नर्स आता दिवसाआड घरी येते. विजू हडकली आहे. अंगठी दोऱ्याने बांधून ठेवलीय.

आज नर्स गेल्यावर म्हणाली, ‘शैले, तू माझी घेतलीस. आता तुझी दे.’

‘काय?’

‘साडी. तुझी एखादी. सुती, मऊ. आणून ठेव माझ्याकडे, म्हणजे ऐनवेळी रेणूची धावपळ नको.’

भाजी मागावी तशी मागितली. मी म्हटलं, बघते.

रवि., २७ एप्रिल

कपाट उघडलं. मऊ म्हणाव्या अशा दोन. एक राखी, एक हिरवट. दोन्ही अगदी तशा, अंगावर आहेत हे कळत नाही. राखी पलंगावर काढून ठेवली, घडी सरळ केली, पिशवीत घातली. पिशवी दारापर्यंत नेली.

नेववेना. ती नेऊन दिली की झालंच. मग तिच्याकडे सगळं तयार.

परत कपाटात ठेवली. मागून नवी काढली, पुण्याहून नणंदेने दिलेली, अबोली, खळीने पापडासारखी कडक. ही द्यायची. पण आधी मऊ करायला हवी. नेसायची, धुवायची, परत नेसायची. सुताला दुसरा उपाय नाही.

हे म्हणाले, ‘घरात मऊ साड्या असताना?’ मी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, ‘बरोबर आहे. इस्त्री मी करू का?’

इस्त्री नको म्हटलं. तुम्ही पिशव्यांपासूनही लांब राहा.

बुध., १४ मे

इतक्या वर्षांत घरात रोज साडी नेसले नव्हते. आता बागेत, दुकानात, डेंटिस्टकडेही तीच. ट्रेनमध्ये एका मुलीने लग्नाला निघालात का विचारलं. हो म्हटलं.

तिसरं धुणं. अजून करकरते.

विजू: ‘आणलीस?’

‘नवी आहे. टोचेल. मऊ करतेय.’

तिने माझ्याकडे नीट बघितलं. भूल द्यायच्या आधी माणसाकडे बघायची तसं. म्हणाली, ‘घाई करू नकोस.’

रवि., ८ जून

ऊन चांगलं. विजू आज बागेत दहा मिनिटं, चाकाच्या खुर्चीत. रेणू बाळाला घेऊन आली होती, गोधडी आता दुधाने डागाळली. छान दिसते.

अबोली साडीच नेसून गेले होते. आता ती पडते अंगावर, फुगत नाही. सकाळी नेसताना कळलं की मऊ झाली. सोडून दुसरी नेसावी असं वाटलं. तशीच गेले. तिला फसवायचं नाही.

विजूने जवळ बोलावलं. पदर हातात घेतला, चुरगळला, गालाला लावला. डोळे मिटून तसाच धरून बसली बराच वेळ. मी वाकून उभी, कंबर मोडली.

मग पदर सोडला. ‘टोचतो अजून,’ म्हणाली. ‘नेस अजून थोडे दिवस.’

बरं म्हटलं. घरी येऊन धुतली, वाळत घातली.