अंगठ्यावरचं माकड

धाकटे,

दूध तापवून ठेवलंय. इस्त्रीची वायर उघडी पडलीय, तिला हात लावू नकोस. चिमणीचे मोजे अजून दमट आहेत. माझी आज कामावर पहिली पाळी, म्हणून तुम्ही दोघी उठायच्या आत निघाले.

रोज सकाळी तू तिच्या अंगठ्यावर पेनाने माकड काढतेस आणि त्याच्याकडे बघत पोरगी नव्या शाळेत दिवसभर रडत नाही. मला ते बघवत नव्हतं. बुधवारी मी तिला सोडायला गेले, तेव्हा शाळेच्या नळावर मीच ते घासून काढलं, आणि तुला सांगितलं की घामाने गेलं. त्या दिवशी ती बाकावर मुसमुसत बसली होती.

आज ती झोपेत असताना मी माकड काढून बघितलं. उंदीर झालाय. हसू नकोस, भवाने. तो पुस आणि तुझं माकड काढ, जरा पक्क्या शाईने. घर बदलल्यापासून तिला उठताबसता मावशी लागते. तुझी चूक नाही गं, मीच जळते.

ताई

सोमवारी शाळेतून फोन आला होता, ‘ती मावशीला बोलवा म्हणतेय’ असा. तुला न सांगता मीच गेले होते.