चित्रातली फुली

आप्पा, चार दिवस झाले, मी जेवताना मध्येच ताटावरून उठते. इथे कुणाला सांगता येत नाही. हे कुठे पाठवायचंही नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. पुढे मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक नाही. लोक मोबाइलवर खेळ खेळतात, मध्येच जाहिरात येते, ती आम्ही करतो. तुम्ही भिंतींवर जाहिराती रंगवायचात, तसंच म्हणा. रांजणगावची नोकरी सोडून आलेला एक वर्गमित्र आणि मी, शिरूरला एका मेडिकलच्या वरच्या खोलीत सुरुवात केली. आता पुण्यात दोन मजले आहेत आणि जिन्यात भेटणाऱ्या सगळ्यांची नावं मला येत नाहीत.

हे वाढलं कशामुळे, ते सांगते. जाहिरात बंद करायला कोपऱ्यात फुली असते. मी चित्रातच एक फुली काढली. माणूस बंद करायला ती दाबतो आणि जाहिरातच उघडते. खरी फुली मागाहून येते, बारीक. "अगं, तुझ्या डोक्यात हे आलं कसं?" म्हणून मित्र हसत सुटला. मलाही बरं वाटलं होतं.

वरवंडची ती पाइपच्या जाहिरातीची भिंत आठवते ना, आप्पा? अक्षरं मोठी यावीत म्हणून मी रंग खिडकीच्या दारावरून नेला आणि दार चिकटलं. आतून म्हातारी ओरडतेय, "आरं, कोंडून मारता का काय आमाला!" तुम्ही तिच्यापुढे हात जोडता आणि मला म्हणता, "भिंत मागितली व्हती आपण. खिडकी न्हाई." दुपारभर मला रॉकेलच्या बोळ्याने घासायला लावलंत. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

रविवारी घरी केंदूरला गेले. आई फुगे फोडायचा खेळ खेळत होती. चिडून म्हणाली, "बंद कराया जावं तर दुसरंच उघडतंय. खुरपून खुरपून बोटं जाड झाल्यात माझी." पडद्यावर माझीच जाहिरात होती.

येत्या सोमवारी बैठक आहे. ती फुली सगळ्याच जाहिरातींत घालायची का, हे माझ्या होकारावर अडलंय. मित्र म्हणतो, "आता थांबलो तर निम्म्या पोरांना घरी पाठवावं लागंल." नाही म्हणेन, असं मी इथे लिहिलं होतं. खोडलं.

आईला मी काय म्हणाले, तेवढं सांगून थांबते. म्हणाले, "जरा हळू दाबत जा." तिने बोट पदराला पुसलं आणि हळू दाबायला लागली.