कडेच्या आतली माणसं

वांकायो, पेरू, मंगळवार

प्रिय कोंपाद्रे फोर्तुनातो,

फोनवर हे बोलणं जमलं नसतं. तू हसला असतास, ‘काय रे सोसिमो, आज परत चष्मा विसरलास का?’ म्हणाला असतास, आणि मीही हसलो असतो. सोळा वर्षं आपलं असंच चाललंय. माझ्या लिस्बेतची पहिली बट धर्मपिता म्हणून तू कापलीस त्या दिवसापासून आपण कोंपाद्रे. कात्री बघून तिनं घर डोक्यावर घेतलं, तेव्हा तू कात्री खाली ठेवलीस, क्लॅरिनेट काढलंस आणि ती गप्प होईपर्यंत वाजवत बसलास. पाहुणे ताटकळले, बटाटे गार झाले, पण तू घाई केली नाहीस. माझ्या पोरीला असा धर्मपिता मिळालाय, हे मी त्या वर्षी अख्ख्या बाजाराला ऐकवलं होतं.

घरी सगळं ठीक आहे. लिस्बेत नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसतेय. ‘पाद्रिनो हल्ली येत नाहीत का?’ असं विचारते आणि मी विषय बदलतो. सांतियागोचा सण तीन आठवड्यांवर आलाय, त्यामुळे दरीतल्या प्रत्येक ऑर्केस्ट्राला माझ्या दुकानातून आपलंच पोस्टर आधी हवंय. काल एकानं अठरा वादकांचा फोटो आणला. सगळे वाळत घातलेल्या चादरींसमोर उभे. म्हणे, ‘संध्याकाळपर्यंत चादरीवरून उचलून द्या, मागे डोंगर टाका.’ मी म्हटलं, ‘देतो. पण कान राहतील चादरीवर, ते तुम्ही घरी जाऊन काढून आणा.’ गेला बिचारा समोरच्या दुकानात. तिथे एक बटण दाबतात आणि माणूस उचलतात. हॅटची कड उंदरानं कुरतडल्यासारखी, आणि केसांना मागच्या भिंतीचा हिरवा रंग तसाच चिकटलेला. लोकांना तेही चालतं. मला चालत नाही.

मला हे कुणी शिकवलं नाही, तू बघितलंयस. बसच्या पाट्या रंगवणारा मी. नंतर ब्लेडनं फोटो कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचो. कॉम्प्युटर आला तेव्हा एक इंग्रजी पुस्तक आणि फाटका शब्दकोश घेऊन दोन हिवाळे काढले. पेन टूलनं एकेक बिंदू ठेवत कडेकडेनं जायचं. फेल्टच्या हॅटला चौदा बिंदू पुरतात, पंधरावा लागला तर हात कच्चा. आणि कापताना मी चेहरा बघत नाही, कड बघतो. चेहऱ्यात गुंतणारा माणूस कड चुकतो. हे वाक्य मी तुला इतक्या वेळा ऐकवलंय की तू जांभया द्यायचास. मला वाटायचं, तू ऐकतच नाहीस. तू ऐकत होतास.

विदाल मास्तर गेले त्याला महिना झाला असेल, तू दुकानात आलास. एकतीस वर्षं ‘मोयेची पहाट’ ऑर्केस्ट्रा चालवलेला माणूस, त्याच्या थडग्यावर धड फोटो नाही म्हणालास. खिशातून पेन ड्राइव्ह काढलास. फोटोत मास्तर कमरेपर्यंत होते, दोन्ही हातांनी सॅक्सोफोन पुढे धरलेला, आणि चौकटीबाहेरून आलेली पाच बोटं त्याच्या चाव्यांवर टेकलेली. बाकी सगळं आधीच छाटलेलं. मी विचारलं, ‘हा हात कुणाचा?’ तू म्हणालास, ‘अंगणात माणसं का थोडी होती? ज्याला त्याला मास्तरांच्या वाद्याला हात लावायचा होता.’ मी म्हटलं, बोटंच तर आहेत, राहू देत, बिघडलं कुठे? तेव्हा तू आवाज बारीक केलास. ‘कोंपाद्रे, थडग्यावर जिवंत माणसाची बोटं? मास्तर त्या बिचाऱ्याला बरोबर घेऊन जातील ना!’ मी छातीवर क्रूस काढला आणि कामाला बसलो.

चार दिवस लागले. मास्तरांच्या भुवईचा एकेक पांढरा केस वेगळा काढला. बोटं पुसली तर खाली चाव्या हव्यात, म्हणून दुसऱ्या तीन सॅक्सोफोनचे फोटो समोर ठेवून एकेक चावी बसवली, तिच्यावरच्या शिंपल्याच्या चकतीसकट. तू म्हणालास, ‘पितळ जरा उजळ कर, मास्तरांना चकचकीत आवडायचं.’ तेही केलं. मोबदल्याचं नावसुद्धा काढलं नाही मी. मास्तरांसाठी होतं ते. नंतर दोनदा विचारलं, फोटो थडग्यावर बसला का, तर तू म्हणालास, चिनीमातीवर छापणारा आजारी आहे. मी त्याला बरं वाटू दे म्हणून प्रार्थना केली, फोर्तुनातो. माझ्यासारखा मूर्ख मीच.

मग एप्रिलमधली वादक मंडळाची सभा. तुला आठवतेय, पण माझ्या बाजूनं एकदा ऐक. आपल्याकडे मास्तर ज्याच्या हाती आपलं वाद्य देतो, ऑर्केस्ट्राचं नाव त्याचं. त्याला कागद लागत नाही, सही लागत नाही. विदाल मास्तरांची नेलिदा उभी राहिली, बापाचीच हॅट घातलेली. म्हणाली, ‘दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी बाबांनी सॅक्सोफोन माझ्या हातात दिला. फोटो आहे. फोर्तुनातो काकांनी काढलाय.’ तू सावकाश उठलास. ‘फोटो आहे, पोरी, खरंय तुझं. हा बघा.’ आणि पोस्टकार्डाएवढा तो फोटो टेबलावर ठेवलास. मास्तर, हिरव्या कोटात, सॅक्सोफोन तुला देतायत. ती ओरडली, ‘खोटं! हा तर तुम्ही काढला होतात!’ तू हसलास. ‘मी फोटोत उभा आहे, मग काढणार कसा? हात काय रबराचा आहे माझा? माझ्या बायकोनं काढला.’ सगळी सभा हसली. मीही हसलो, हे इथे लिहून ठेवतो.

मागून कुणीतरी म्हणालं, ‘फोटो जोडलेला असेल, सोसिमोला दाखवा.’ तू माझ्याकडे बघितलंससुद्धा नाहीस. मी भिंग काढलं. मास्तरांच्या बाह्या बघितल्या, हॅट बघितली, भुवया बघितल्या. कडेला कुठे कुरतडल्याचे दात नाहीत, कुठे मागचा रंग चिकटलेला नाही. चाव्या बघायला मिळाल्या नाहीत, कारण तिथे तुझे हात होते. मी कापलेल्या फोटोतला मास्तरांचा मरून रंगाचा कोट इथे हिरवा झाला होता, तेही लक्षात आलं नाही, कारण कड शाबूत होती. आज खरं सांगतो, ती कड मला ओळखीची वाटली. इतकी चांगली की माझीच वाटावी. आणि तरी मला संशय आला नाही, उलट बरं वाटलं. मी भिंग खाली ठेवलं आणि चाळीस माणसांसमोर म्हणालो, ‘या दरीत इतकं स्वच्छ कापणारा एकच माणूस आहे आणि त्यानं हे कापलेलं नाही. फोटो खरा आहे.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाव तुला मिळालं. नेलिदा माझ्यासमोरून गेली आणि इतकंच म्हणाली, ‘काका, तुम्ही चेहरा तरी बघायचा होता.’

मला वाटलं, हरलेलं माणूस असंच काहीतरी बोलतं.

गेल्या गुरुवारी सान हेरोनिमोला गेलो होतो. भर दुपारी चौकात तुझा नवा फलक बांधत होते, चार मीटर रुंद. ‘मोयेची पहाट’, आणि खाली तोच फोटो. ही छपाई माझ्याकडे का नाही आली, म्हणून मी रागावून खाली उभा राहिलो, चुका काढायला. कडेवर एक चूक सापडली नाही. मान दुखायला लागली तेव्हा नजर सहज सॅक्सोफोनच्या तोंडात गेली. पितळ मीच उजळलेलं. त्यात माणसांचं प्रतिबिंब होतं. पुढे एक मुलगी, जांभळं पोलकं, पांढरी हॅट, हात पुढे केलेला. तिच्या मागे एक बुटका माणूस, दोन्ही कोपरं वर, कॅमेरा डोळ्याला. तुझा तो केशरी मफलर मला झोपेतसुद्धा ओळखू येईल, माझ्या बायकोनं विणलाय तो. अंगणात तुम्ही तिघंच होतात. मी चार दिवस त्या तोंडाच्या कडेनं फिरलो, शेहेचाळीस बिंदू ठेवले आणि आत एकदाही डोकावलो नाही.

मी तिथेच फुटपाथवर बसलो. वाळवलेल्या बटाट्यांचा चुन्यो विकणाऱ्या बाईनं विचारलं, ‘चक्कर आली का हो काका?’ मी म्हटलं, ‘नाही, फलक बघतोय.’ ‘छान झालाय ना!’ म्हणाली. काय सांगणार तिला? छानच झालाय.

मी खूप विचार केला. माझं काम तू चोरलंस, ते मी गिळलं असतं. कामं चोरीला जातातच. पण तुला माझं काम पुरेसं नव्हतं. सभेत कुणीतरी मला बोलावणार, आणि मी काय बोलणार, हे तुला आधीपासून माहीत होतं. सोळा वर्षं माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून तू माझा गर्व मोजत होतास आणि तोच साक्षीला उभा केलास. नेलिदाला मी माझ्या तोंडानं खोटं ठरवलं. तू तर फक्त फोटो टेबलावर ठेवलास.

शुक्रवारी तिच्याकडे गेलो. ती अंगणात कपडे पिळत होती, उठली नाही. मी सगळं सांगितलं, बोटं पुसल्याचंसुद्धा. तिनं पिळलेला कपडा दोरीवर टाकला. मग म्हणाली, ‘या नाही, पुढच्या रविवारी सभा आहे, तिथे हे बोलाल?’ मी हो म्हटलं. ‘लोक हसतील तुम्हाला.’ मी म्हटलं, हसू देत. मग तिनं विचारलं, ‘काका, छाटलेलं जे होतं ते कुठे असतं? म्हणजे फोटोतलं उरलेलं?’ तीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

तर पत्राचं कारण एवढंच. तू सभेला ये किंवा नको येऊस. मी काय बोलणार ते तुला कळावं, माझ्या लिस्बेतच्या पाद्रिनोला ते चारचौघांत पहिल्यांदा ऐकायला लागू नये, एवढं मी पाळतो. पुराव्यासाठी मला तुझ्याकडून काही नको. माझी चूक आहे, ती सांगायला माझं तोंड पुरे. पण मूळ फोटो तुझ्याकडे आहे. तू काही टाकून देत नाहीस, क्लॅरिनेटच्या तुटलेल्या रीडसुद्धा डब्यात ठेवतोस, तेव्हा तो असणारच. नेलिदाकडे बापाबरोबरचा त्या दिवसाचा दुसरा फोटो नाही. तो पाठव. माझ्याकडे नको, थेट तिच्याकडे. आणि छाटू नकोस, उजळू नकोस. मागची भिंत, दोरीवरचे कपडे, कोंबड्या, पायातली बादली, मध्ये कुणाची सावली आली असेल तर तीसुद्धा, सगळं आहे तसं पाठव.

रविवारपर्यंत तुझाच कोंपाद्रे,
सोसिमो लिमाय्या