कवितेतल्या माणसाची जागा

माय, आधी ताजी बातमी. ते रविवारी सकाळी लग्नाचं विचारायला येणार आहेत. त्यांच्या बहिणीने आज दुपारी अंबडहून फोन करून पक्कं सांगितलं, "दादा येणारच आहे, तुम्ही कुठं जाऊ नका." ते म्हणजे जुन्या जालन्यात आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीखाली कापडाचं दुकान चालवतात ते. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. बायको जाऊन बरीच वर्षं झाली त्यांची. मी पन्नाशी ओलांडली आहे. रोज ठरल्या वेळेला वर्तमानपत्राचं पान छपाईला सोडणारी बाई मी, पण फोन ठेवल्यापासून साधा मथळा सुचेना. मला भीती वाटते आहे, आणि ती सांगायला दुसरं कुणी नाही.

तुला आठवत असेल, आष्टीला तू बियाण्याच्या प्लॉटवर कपाशीचं क्रॉसिंग करायला जायचीस. दुपारी कळ्या सोलायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यावर दुसऱ्या वाणाची फुलं घासायची. सुट्टीत मीही तुझ्याबरोबर यायचे. एका दुपारी दोन ओळींच्या मध्ये उभी राहून मी तुम्हा बायकांना नवी कविता म्हणून दाखवते आहे. पलीकडच्या ओळीतली मावशी ओरडते, "अगं, हिला जल्दी नवरा पाहा! पोरीला नवऱ्याआधीच विरह होऊन राह्यला!" सगळ्या हसतात, तूही हसतेस. मग हातातल्या कळीवरची नजर न काढता विचारतेस, "कोणासाठी म्हणलीस गं?"

"कोणासाठीच न्हाई."

"मंग डोळे का भरले तुझे?"

मी चिडून बांधावर जाऊन बसले. तू पुन्हा तो विषय काढला नाहीस, पण थोड्याच दिवसांत सुताराला बोलावून धान्याच्या खोलीला आतून कडी बसवून घेतलीस. माणसांनी भरलेल्या त्या घरात मला लिहायला जागा मिळाली. "आतून लाव," म्हणालीस, "पण कोणी हाक मारली तर उघडत जा. बहिरी होऊ नको."

कडी मी लावली. स्थळं आली, मी नको म्हणत गेले, आणि तू बोलणी खात गेलीस. ही माणसं जे देतील त्याहून जास्त मला कविता देते, असं मला वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं. ओळ बरोबर बसली की छातीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं शांत वाटतं. अजूनही वाटतं. फक्त ते जेवणाच्या वेळेपर्यंतच टिकतं. एकटीसाठी भाजी फोडणीला टाकताना ती शांतता कुठे गेलेली असते, ते कळत नाही.

मागच्या महिन्यात पुरवणीत माझी कविता आली होती. दुकानावरून जाताना त्यांनी हाक मारली.

"मॅडम, कविता वाचली. समजली बिलकुल न्हाई. पण गिऱ्हाइकाला कापड फाडून राह्यलो, तरी तीच डोक्यात."

"समजली नाही तर डोक्यात काय असतं?"

"तेच तर तुम्हाला विचारून राह्यलो! बरं, त्यातला तो माणूस कोण?"

"कुणी नाही."

"मंग जागा रिकामीच हाय की," ते म्हणाले, आणि एकदम लाजून कापड मोजायचा गज शोधायला लागले. गज त्यांच्या हातातच होता. मी जिना चढेपर्यंत हसत होते. वर जाऊन खुर्चीत बसले आणि तीच कविता पुन्हा काढून वाचली.

माय, कवितेतल्या माणसाने मला कधी काही मागितलं नाही. तो आजारी पडला नाही, कंटाळला नाही, मला सोडून मेला नाही. हा माणूस हे सगळं करू शकतो. पण ते मी सोसेन. खरी भीती वेगळी आहे. आजवर कविता अपुरी पडली की मी स्वतःला समजवायचे, उरलेलं प्रेमाकडे आहे, ते माझ्या वाट्याला आलं नाही एवढंच. उद्या प्रेम घरात आलं, समोर बसून जेवलं, आणि तरीही छातीतली तेवढीच जागा रिकामी राहिली तर? मग मी कशाची वाट बघू? आणि जागा भरलीच, तर इतकी वर्षं मी त्या खोलीत काय करत होते? दोन्ही उत्तरं ऐकायची माझी तयारी नाही.

तू गेलीस, आता हे पत्र मी कुठे पाठवणार? वाचून फाडून टाकीन. एवढं मात्र तुला सांगते. संध्याकाळी या भीतीवरही मी कविता लिहून बघितली. चांगली जमली, गेल्या कित्येक वर्षांत इतकी जमली नव्हती. दोनदा वाचली. भीती होती तेवढीच राहिली.

रविवारी दहाच्या सुमारास ते येतील, बहीणही सोबत असेल. मी पोहे करीन. विचारतील तेव्हा मी हो म्हणेन, असं आत्ता तरी वाटतं आहे.