बशीतले स्क्रू

प्रिय नींके,

दोन वर्षांनी बापाचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे. आई माझ्याहून ठणठणीत आहे आणि तुझ्या वाटणीचा साखरपाव तुझ्या नावानं स्वतःच खाते.

तिच्या वाढदिवसाला, गोल मांडलेल्या खुर्च्यांत पाहुणे केक खात असताना, तू तुझा नवा ॲपलचा मॅक कॉम्प्युटर दाखवलास आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "कॉम्प्युटरवाल्याच्या घरात वाढून एवढीच अक्कल? असलं यंत्र या उंबऱ्याच्या आत येणार नाही!" तू अर्धी कॉफी टाकून निघालीस ती थेट परदेशी, बर्गनला. तेव्हापासून तुझा फोन येतो तो फक्त आईला.

या हिवाळ्यात मात्र वाटलं, तू दिवसभर जे बघतेस ते एकदा बघावं. पण शपथ मोडायची कशी? म्हणून ठरवलं, सुटे भाग जोडून साध्या पीसीवरच मॅकची प्रणाली, मॅकओएस, चालवायची. आई म्हणाली, "शूर्ड, सरळ मॅक विकत घेतलास तर नाक कापलं जाईल का?" म्हटलं, हो.

तीस वर्षं कॉम्प्युटरचं दुकान चालवलेला मी, तोऱ्यात सगळ्यात भारी ग्राफिक्स कार्ड आणलं. पडदा काळा तो काळाच. मुकाट्यानं इंटरनेटवरच्या एका मदतमंचावर प्रश्न टाकला, सोबत स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलेल्या भागांचा फोटो. तासाभरात 'टिटवी' नावाच्या कुणीतरी फैलावर घेतलं, "आधी सगळ्या भागांची यादी द्या. 'चांगला मदरबोर्ड' हे मॉडेल नसतं, आजोबा! शेवटच्या अक्षरापर्यंत नाव लिहा." पुढे सांगितलं, भारी नको, मॅकओएसला चालेल ते घ्या, दोन पिढ्या जुनं कार्ड घ्या, वायफायचं कार्ड बदला. मी निमूट ऐकत गेलो. आईला हे खरं वाटेना.

एके दिवशी टिटवीनं लिहिलं, "आणि स्क्रू कॉफीच्या बशीत ठेवा, टेबलावर नको." नींके, हे वाक्य माझं आहे. सहा वर्षांची असताना तुला शिकवलेलं. फोटोतला आईचा निळा टेबलक्लॉथ तू पहिल्याच दिवशी ओळखला असणार, आणि तरी उत्तर दिलंस.

त्या वाढदिवशी मी चुकलो. फार चुकलो. आणखी एक कबुली: मशीन पंधरा मार्चपासून उत्तम चालतंय. त्यानंतरचे सगळे बिघाड माझेच. आवाज गेला म्हणून तू चार दिवस डोकं खाजवलंस, तेव्हा स्पीकरची वायर माझ्या हातात होती. तुझं उत्तर आलं की आई आणि मी दोघं मिळून वाचायचो. आता काढण्यासारखी एकही वायर उरली नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. घरी ये.

तुझाच, यादी पूर्ण भरायला शिकलेला,
बाबा